खांद्यापर्यंतचे हातमोजे: गोठ्यासाठी घ्यावेत का, आणि कुठले

जनावरांच्या मेडिकलमध्ये जाऊन "गाय भरवायचे हातमोजे द्या" म्हटलं, की दुकानदार आधी आपल्याकडे बघतो आणि मग विचारतो, "रेतनाचं काम करता का तुम्ही?" नाही. मी धार काढते, शेण काढते आणि गाय अडली तर रात्री बॅटरी घेऊन उभी राहते. फलटण तालुक्यात आमचा गोठा आहे. एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) संकरित गाई, दोन म्हशी आणि आत्याबाईंच्या हट्टाखातर एक खिलार. हे मोजे डॉक्टरांनी आणि एआयवाल्यांनीच, म्हणजे कृत्रिम रेतन करणाऱ्यांनीच घ्यायचे असतात, असा आमच्याकडे पक्का समज आहे. गोठ्यातल्या माणसाने ते स्वतःसाठी घ्यावेत हे दुकानदारालाही नवीन, घरच्यांनाही नवीन. म्हणून हा सविस्तर अभिप्राय.

आधी वस्तू. पातळ प्लास्टिकचा, बोटांपासून बगलेपर्यंत येणारा मोजा. आमच्याकडे मिळतो तो केशरी, काही ठिकाणी बिनरंगी पारदर्शकही मिळतो. डावा-उजवा असा भेद नाही. शंभराचा डबा येतो. मला तो साडेतीनशेच्या आसपास पडला, म्हणजे एक मोजा चहाच्या कपापेक्षा स्वस्त. सुटे द्यायला बरेच दुकानदार तयार नसतात. दोन-तीन घरांनी मिळून डबा घ्यावा, वर्षभर पुरतो. कारण हा रोज धारेला घालायचा मोजा नाही. गाय विताना, वार (वासरामागून पडणारी झिल्ली) पडताना, अडकलेली वार काढायला डॉक्टर आल्यावर त्यांच्या हाताखाली, आणि गाईने वासरू टाकलं, म्हणजे दिवस भरण्याआधीच गाभ पडला, तर सगळी साफसफाई होईपर्यंत, एवढ्याच वेळी तो लागतो.

आता खोड. हा मोजा बाप्याच्या मोठ्या पंजाच्या मापाने बनवलेला आहे. माझ्या हातात बोटांची टोकं रिकामी लोंबतात. वासराचे पुढचे दोन पाय बाहेर दिसायला लागले, नाक दिसलं, आणि आता घोट्याच्या वर दोरीचा फास टाकायचा, अशा ऐन वेळी ती रिकामी टोकं फासातच सापडतात. एकदा तर मी फास ओढला आणि वासराच्या पायाबरोबर माझ्याच मोज्याचं करंगळीचं टोक आवळून धरलं. वरून सगळं बुळबुळीत. मोजा खांद्यावरून सरकत सरकत कोपरापर्यंत गोळा होतो, आणि गोळा झाला की त्याच्यात नको तेच पाणी साचतं.

याच्यावर इलाज मला जनावरांच्या फिरत्या पथकातल्या डॉक्टरांनी दाखवला, १९६२ या नंबरवर फोन केला की येतं ते पथक. लांब मोज्यावरून, फक्त पंजाला, माणसांच्या डॉक्टरांचा निळा नाइट्राइलचा मोजा चढवायचा. रिकामी टोकं आत दाबली जातात, पकड येते आणि बोटाला वासराचं खूर कुठलं नि गुडघा कुठला ते कळतं. वरच्या टोकाला कपडे वाळत घालायचा चिमटा लावून मोजा ब्लाउजच्या बाहीला अडकवायचा. ह्यांच्यासाठी शर्टाच्या कॉलरला. चिमट्याची युक्ती माझी, डॉक्टरांची नाही. दुधाळ पांढरे लॅटेक्सचे मोजे त्यावर घालू नका. आत हात घालताना तेलाचं बोट लावलं जातं, आणि तेल लागलं की लॅटेक्स सैल पडून फाटतं. नाइट्राइलला तेलाचं काही होत नाही.

एवढा खटाटोप कशाला, असं आत्याबाईंनी विचारलं होतं. "आम्ही उभा जन्म उघड्या हातांनी वासरं ओढली." खरं आहे. माझ्या माहेरीही तेच.

पण आमच्या धाकट्या भाऊजींना ताप धरला तो सुटेना. सकाळी माणूस बरा, डेअरीला दूध घालून येणार, आणि संध्याकाळी अंगात कसकस. रात्री घामाने बनियन पिळून काढावं इतका भिजायचा. कंबर अशी धरली की बसलेल्याला उठवायला माणूस लागायचा. तालुक्याच्या एका दवाखान्यात रक्त तपासलं, "टायफॉइड आहे" म्हणाले, सलाइन लावलं, इंजेक्शनं दिली. ताप गेला आणि परत आला. मग दुसरीकडे "व्हायरल", मग तिसरीकडे कंबरेचा एक्स-रे. दीड-दोन महिने हेच. पैसे किती गेले ते सांगत नाही, एका चांगल्या कालवडीची किंमत धरा. एवढ्या सगळ्यांत एकानेही विचारलं नाही की बाबा, तू काम काय करतोस.

विचारलं ते जनावरांच्या डॉक्टरांनी. गोठ्यातल्या एका गाईने सातव्या महिन्यात वासरू टाकलं होतं आणि वारही अडकली होती. पुढे दुसऱ्या गाईनेही टाकलं, तेव्हा १९६२ ला फोन लावला. पथक आलं की त्यात एक पशुवैद्य, एक मदतनीस आणि गाडीचा चालक असतो. डॉक्टरांनी गाय बघितली, रक्ताचा नमुना घेतला, कानातल्या पिवळ्या बिल्ल्याचा नंबर लिहून घेतला. मग हात धुता धुता मला म्हणाले, "वहिनी, पहिलं वासरू ओढलं कुणी? त्याला ताप-बिप आला का नंतर?" मी भाऊजींकडे बघितलं. ते ओसरीवर घोंगडी घेऊन पडलेले.

रोगाचं नाव ब्रुसेलोसिस. गाईत तो गाभ टाकायला लावतो, बहुतेक वेळा पाचव्या महिन्यानंतर. टाकलेलं वासरू, वार आणि गर्भाचं पाणी यांत त्याचे जंतू अतोनात असतात. हाताला विळ्याची चीर असली, नखाजवळ सोललेलं असलं, तोंडावर पाणी उडालं की पुरे. दुसरा रस्ता कच्च्या दुधाचा. आपल्याकडे दूध उकळतात म्हणून बरं आहे, पण तालमीतल्या पोरांना धारोष्ण दूध पाजायची हौस अजून गेलेली नाही. धारेखाली पेला धरून तिथेच प्यायचं. ताकद येते म्हणतात. उकळी आली की हे जंतू मरतात, पेल्यात उकळी येत नाही.

आणि हे काही आत्ताचं संशोधन नाही. माल्टा नावाच्या बेटावर इंग्रजांचे सैनिक अशाच येणाऱ्या-जाणाऱ्या तापाने पडायचे. डेव्हिड ब्रूस या लष्करी डॉक्टरांनी १८८७ मध्ये जंतू शोधला, म्हणून त्यांचं नाव रोगाला. पण तो येतो कुठून ते कळायला अठरा वर्षं गेली. १९०५ मध्ये तिथल्याच थेमिस्टोक्लीस झमिट या डॉक्टरांनी बकऱ्यांचं रक्त तपासलं आणि दिसायला ठणठणीत असलेल्या बकऱ्यांतच तो सापडला. त्या बकऱ्या दारोदार नेऊन दारातच पिळायच्या. पुढच्या वर्षी लष्कराने बकरीचं दूध बंद केलं आणि सैनिकांतला ताप झपाट्याने ओसरला. म्हणजे माणसाचा रोग जनावर तपासल्यावर सुटला, याला आता एकशेवीस वर्षं झाली. आमच्या भाऊजींचाही तसाच सुटला, फक्त त्या आधी एक्स-रे काढून झाला होता.

तपासणीची गंमत अशी, की गाईचं आणि माणसाचं रक्त एकाच गुलाबी औषधाने तपासता येतं. त्याला 'रोज बंगाल' तपासणी म्हणतात. पांढऱ्या पट्टीवर रक्तातलं पाणी एक थेंब, गुलाबी औषध एक थेंब, हलवायचं, चार मिनिटांत दाणे धरले तर संशय पक्का. मग पुढची तपासणी. गाईचा नमुना जनावरांच्या दवाखान्यामार्फत पुण्याला औंधच्या रोग अन्वेषण विभागात गेला. भाऊजींच्या रक्तासाठी मात्र तालुक्यात सोय निघाली नाही. लॅबवाल्याने नाव दोनदा विचारून घेतलं, मग नमुना बाहेर पाठवला. रिपोर्ट आल्यावर जिल्ह्याच्या फिजिशियननी दोन अँटिबायोटिक एकदम सुरू केली, सहा आठवडे, मध्ये एक दिवस सोडायचा नाही. त्यातली एक गोळी टीबीतही देतात. लघवी लालसर होते. मेडिकलवाला चिठ्ठी बघून हळूच विचारतो, "घरात टीबी आहे का?" आणि दुसऱ्या दिवशी गल्लीत तेच. जाऊबाईंना त्याचा जास्त ताप झाला. भाऊजी आता बरे आहेत. कंबर अजून थंडीत कुरकुरते.

माणसांचं आणि जनावरांचं आरोग्य एकत्र बघायचं, याला आता 'एक आरोग्य' असं नाव मिळालंय. नागपूरला त्यासाठी राष्ट्रीय संस्था होणार म्हणून ११ डिसेंबर २०२२ ला पंतप्रधानांनी पायाभरणी केली. चांगलंच आहे, व्हायलाच हवी होती. आमच्याकडे प्राथमिक आरोग्य केंद्र आणि जनावरांचा दवाखाना एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर आहेत. माझी मागणी नागपूरपेक्षा बरीच लहान आहे: माणसांच्या केसपेपरवर "घरी जनावरं आहेत का, कुणी गाभडलंय का" एवढी एक ओळ छापावी. आशाताई घरोघरी फिरतातच, त्यांनाही ती ओळ द्यावी. आणि मेडिकलच्या दोन्ही दुकानांत हे मोजे ठेवावेत. सध्या लांब मोजा जनावरांच्या मेडिकलमध्ये आणि निळा मोजा माणसांच्या. दोन दुकानं हिंडल्याशिवाय एक हात झाकत नाही.

पर्याय म्हणून मी आणखी काय वापरून बघितलं ते सांगते. कोपरापर्यंतचे जाड रबरी मोजे, फवारणीला वापरतात तसले. गोठा धुवायला, गाभडलेल्या जागेची माती खरवडायला उत्तम. फिनेलच्या पाण्यात बुचकळून परत वापरता येतात. पण गाईच्या अंगात घालायला अजिबात नाही, आतून सोलवटून निघते ती. खताच्या रिकाम्या पिशव्या हाताला बांधायची पद्धत पण आमच्याकडे आहे. ती मनाचं समाधान आहे, गाठीतून पाणी आत येतंच. गमबूट मात्र घ्या, मोज्यांच्या आधी घ्या. पावसाळ्यात गोठ्यातल्या पाण्यात उंदराचं, जनावराचं मूत असतं आणि पायाच्या भेगांतून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा ताप) शिरतो. कोकणातल्या लोकांना हे वेगळं सांगायला नको. इकडे घाटावर सगळे चप्पल घालून चिखलात. बायकांच्या मापाचा गमबूट मिळायला मात्र वणवण होते. पाच नंबर मागितला की दुकानदार सात काढतो आणि "मोजे घाला दोन" म्हणतो.

मोज्याचा उपयोग कुठे नाही तेही सांगायला हवं, नाहीतर कुणीतरी भलत्या भरवशावर राहील. गाय अचानक लाळ गाळायला लागली, पाणी घशाखाली उतरेना, आवाज घोगरा झाला, तर आपल्याकडचा पहिला विचार असतो की घशात काहीतरी अडकलं. कणीस, बटाटा, प्लास्टिक. आणि माणूस हात कोपरापर्यंत तोंडात घालतो. ती पिसाळलेली असू शकते. कुत्रं कधी चावून गेलं ते आपल्याला माहीतही नसतं. हा पातळ मोजा दाढांखाली क्षणात फाटतो, त्याला विचारू नका. तोंडात हात घालायचाच नाही, डॉक्टरांना बोलवायचं. आधीच घातला गेला असेल तर वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं हात धुवायचा आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्रात रेबीजच्या लसीसाठी जायचं. तिथे "कुत्रं चावलं नाही, गाईची लाळ लागली" असं नीट सांगायचं, कारण "मग लस कशाला" असं म्हणणारे भेटू शकतात.

दुसरी मर्यादा: मोजा आपल्याला वाचवतो, गोठ्याला नाही. गोठ्यासाठी लस आहे. केंद्राच्या रोग नियंत्रण कार्यक्रमात, जो सप्टेंबर २०१९ ला लाळ्या-खुरकूत आणि ब्रुसेलासाठी मिळून सुरू झाला, ४ ते ८ महिन्यांच्या कालवडींना आणि पारड्यांना ही लस आयुष्यात एकदाच देतात. खोंडांना नाही. वय हुकलं की हुकलं, म्हणून कालवड चार महिन्यांची झाली की आपणच दवाखान्यात जाऊन सांगावं. लस जिवंत जंतूंची असते. टोचणाऱ्यानेच मोजे आणि चष्मा घालायचा असतो, सुई स्वतःला लागली तर त्यालाच ताप येऊ शकतो. आमच्याकडे लस द्यायला आलेल्या मदतनिसाला मी माझ्या डब्यातले निळे मोजे दिले. लाजला बिचारा, पण घातले.

आणि ज्या गाईचा रिपोर्ट खराब आला तिचं काय? इथे सगळे गप्प बसतात. परदेशात अशी गाय कापून टाकतात आणि सरकार भरपाई देतं, रोग त्यामुळे आटोक्यात आला. आपल्या राज्यात गोवंश हत्याबंदी आहे, तो रस्ता बंद. औषधोपचाराने गाय भरवशाची होत नाही. पुढच्या वेताला ती बहुतेक नीट विते, दूधही देते, आणि जंतू सोडत राहते. मग शेतकरी काय करतो, ते मी लिहायला नको. बाजारात गाय उभी करताना कुणी रिपोर्ट गळ्यात बांधत नाही. आम्ही आमच्या दोघी ठेवल्या, शेडच्या टोकाला वेगळ्या बांधल्या, त्यांची गव्हाण वेगळी, त्यांची धार शेवटी. हा मोठेपणा नाही. आमची जागा मोठी आहे आणि ह्यांची साखर कारखान्यात नोकरी आहे, म्हणून परवडलं. ज्याचं सगळं चार गाईंवर चालतं त्याला मी ठेव म्हणून सांगू शकत नाही, आणि भरपाईशिवाय त्याला कुणीही सांगू नये.

वापरून झालेला मोजा हा एक प्रश्न उरतोच. वार आणि टाकलेलं वासरू आम्ही खोल खड्ड्यात चुना टाकून पुरतो, वरून दगड, कारण कुत्री उकरतात आणि वार तोंडात धरून आख्ख्या वस्तीभर नेतात. मोजा त्यातच जातो. प्लास्टिक आहे, कुजायचं नाही, हे मला कळतं. जाळला तर धूर. दवाखान्याचा कचरा उचलायला गाडी येते, गोठ्याचा उचलायला येत नाही. त्यातल्या त्यात खड्डा एकच ठेवलाय, बांधाच्या कडेला, विहिरीपासून लांब.

मोजा काढायची रीत शिकून घ्या, निम्मा फायदा तिथेच आहे. वरच्या टोकाला धरून उलटा सोलत आणायचा, म्हणजे घाण आत जाते. पंजावरचा निळा मोजा त्याच्या पोटात राहतो. मग साबणाने कोपरापर्यंत हात धुवायचे, आणि त्या आधी डोळ्याला, तोंडाला, मिश्रीच्या डबीला हात लावायचा नाही. आत्याबाईंना हे शेवटचं सांगायला मला अजून धीर झालेला नाही. घरात गरोदर बाई असेल तर तिला विताना गाईजवळ उभंच करू नका, मोजे असोत नसोत.

घ्यावेत का? घ्या. पाचपैकी चार गुण. एक गुण मापासाठी कापला, बनवणाऱ्यांनी लहान पंजाचा एक डबा काढायला काही हरकत नाही, दूध काढणारे निम्मे हात बायकांचे आहेत. डबा शेडमध्ये उन्हात ठेवू नका, प्लास्टिक कडक होऊन बगलेत फाटतं. घरात, बॅटरीच्या शेजारी ठेवा. आणि निळे मोजे मागताना 'मीडियम' म्हणून मागा, न सांगितलं तर लार्ज देतात.